ओढीतून वजन वजा जाता

विहिरीतून पाणी शेंदताना पोहरा पाण्याखाली असेपर्यंत हलका लागतो आणि पाण्याबाहेर येताच हाताला एकदम भार जाणवतो. पोहऱ्याचे वस्तुमान त्या क्षणी वाढलेले नसते, तर पाणी त्याला खालून देत असलेला आधार, म्हणजे उत्प्लावक बल, नाहीसा झालेला असतो. म्हणूनच एखाद्या वस्तूचे त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, काढायचे असेल, तर तिच्यावर कोणकोणती बले आणि कोणत्या दिशेने काम करीत आहेत, हे आधी पाहावे लागते.

हवेत आलेल्या पोहऱ्यावर मुख्यतः दोनच बले उरतात: दोराची वरची ओढ आणि पोहऱ्याचे वजन. पाण्यासह पोहरा 12 किलोग्रॅमचा धरला, तर त्याचे वजन सुमारे 118 न्यूटन होते. आपण 130 न्यूटन बलाने ओढले, तर त्यातले 118 न्यूटन वजन पेलण्यातच खर्ची पडतात आणि वरच्या दिशेने 12 न्यूटन निव्वळ बल शिल्लक राहते. या शिलकेला वस्तुमानाने भागले की त्वरण मिळते: 12 भागिले 12, म्हणजे 1 मीटर प्रति सेकंद वर्ग. विद्यार्थी पुष्कळदा 130 लाच 12 ने भागतात. तसे केल्यास त्वरण जवळजवळ 11 येते, आणि स्थिर असलेला पोहरा पहिल्याच सेकंदात पाच मीटरांहून वर यायला हवा. प्रत्यक्षात तो अर्धा मीटर चढतो.

पोहऱ्याने वेग घेतल्यावर ओढ 118 न्यूटनवर आणली, तर निव्वळ बल शून्य होते. तरीही पोहरा थांबत नाही, आहे त्याच वेगाने वर येत राहतो. ओढ 106 न्यूटन केली, तर 12 न्यूटनांची शिल्लक खालच्या दिशेने उरते, त्यामुळे पोहरा वर येत असतानाच त्याचे त्वरण मात्र खाली असते आणि त्याचा वेग मंदावतो. निव्वळ बलाची दिशा ही त्वरणाची दिशा असते, गतीची असेलच असे नाही. हा भेद मला या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो.

हाच हिशेब 16 जुलै 1969 रोजी अपोलो 11 ला घेऊन निघालेल्या सॅटर्न 5 अग्निबाणालाही लागू पडतो. त्याचे वस्तुमान सुमारे 2,900 टन, म्हणजे वजन सुमारे 284 लाख न्यूटन होते, आणि पाच इंजिनांचा एकत्रित रेटा सुमारे 340 लाख न्यूटन होता. शिल्लक राहिले 56 लाख न्यूटन, आणि त्वरण जेमतेम 2 मीटर प्रति सेकंद वर्ग. एवढा प्रचंड रेटा असूनही शेजारचा मनोरा ओलांडायला त्याला दहा सेकंदांहून अधिक वेळ लागला, तो यामुळेच.

पुढे मात्र चित्र झपाट्याने पालटले. इंधन आणि ऑक्सिजन मिळून दर सेकंदाला सुमारे 13 टन जळत होते. वजन घटल्याने निव्वळ बल वाढत होते आणि ज्याने त्याला भागायचे ते वस्तुमानही कमी होत होते. अंश वाढता, छेद घटता. त्वरण इतके चढत गेले, की ते गुरुत्व त्वरणाच्या चौपटीच्या आसपास रोखण्यासाठी उड्डाणानंतर सुमारे सव्वादोन मिनिटांनी मधले इंजिन ठरवून बंद करण्यात आले आणि उरलेली चार चालू राहिली.