शाळेतला समुपदेशक: नाशिकमधून पाहिलेली पार्श्वभूमी

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला होता, तिच्या वडिलांनी हे प्रकरण न्यायालयात नेलं होतं. त्या सूचनांनुसार शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावं. शाळा, कॉलेज, क्लास, वसतिगृह, सगळे त्यात आले.

नाशिकच्या एखाद्या जुन्या मराठी माध्यमाच्या शाळेत हे वाचलं की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो: पद कुठे आहे? अनुदानित माध्यमिक शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या पदांच्या यादीत, मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, शिक्षक, लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक ही पदं असतात. समुपदेशक त्यात नाही. सीबीएसईच्या संलग्नतेच्या नियमांत समुपदेशक आहे, त्यामुळे शहराच्या नव्या भागातल्या अनेक शाळांच्या माहितीपत्रकात तो दिसतो. म्हणजे एकाच गल्लीतली दोन मुलं, एकाला शाळेत बोलायला माणूस आहे आणि दुसऱ्याला नाही, ते केवळ बोर्ड वेगळं म्हणून. ही दरी एका दिवसात पडलेली नाही.

शाळकरी मुलाच्या मनाकडे तज्ज्ञाने पाहावं, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. 1937 मध्येच मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कने, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने (‘टिस’), बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं होतं. ते मात्र मुंबईपुरतं राहिलं. शाळांमध्ये जे पोचलं ते वेगळंच होतं. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालच्या माध्यमिक शिक्षण आयोगाने 1952-53 मध्ये शाळांत मार्गदर्शन अधिकारी असावेत असं सुचवलं. 1964-66 च्या कोठारी आयोगानेही मार्गदर्शन आणि समुपदेशन हा शिक्षणाचाच भाग मानला. दोन्ही अहवालांत मुलाच्या अडचणींचा उल्लेख आहे, पण देश नवा होता, कारखाने आणि धरणं उभी राहायची होती, आणि सरकारला काळजी होती ती कोणतं मूल कोणत्या कामाला लावायचं याची. त्यामुळे मार्गदर्शन म्हणजे व्यवसाय मार्गदर्शन हे समीकरण पक्कं झालं. मुलाचा कल तपासायचा, त्याला शाखा सुचवायची, झालं. ते मूल रात्री झोपतं का, हे विचारणं कोणाच्याच कामात बसलं नाही.

माझ्या मते पुढच्या साठ-सत्तर वर्षांची गोष्ट इथेच ठरली. समुपदेशन शाळेच्या दारात अनेकदा आलं, पण दर वेळी दुसऱ्याच कामाचा हात धरून: कधी करिअरचा, कधी परीक्षेचा, कधी सुरक्षिततेचा. मुलाचं मन हेच मुख्य काम धरून ते क्वचितच आलं.

नाशिकमध्ये मुलांना सांभाळण्याची एक जुनी रीत होती, तिचीही नोंद घ्यायला हवी. 1914 मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाची सुरुवात झाली ती बोर्डिंगपासून. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं तर तो शिकेल, हा त्यामागचा विचार होता. अशा बोर्डिंगांमधला रेक्टर हा शिक्षक, पालक आणि पोलीस तिन्ही असे. कोण गप्प बसलंय, कोणाच्या घरून पत्र आलेलं नाही, हे त्याला कळायचं. त्याच माणसाच्या हातात छडीही होती, आणि मुलाने रडणं म्हणजे कच्चेपणा ही समजूतही त्या काळाची होती. या व्यवस्थेने हजारो मुलं शिकवली, हे खरं आणि मोठं आहे. पण मनातलं बोलायला तिथे जागा होती असं म्हणवत नाही.

मग परीक्षा मोठी होत गेली. 1975 पासून राज्यात अकरावीच्या मॅट्रिकऐवजी दहावीची बोर्ड परीक्षा आली. आयुष्य ठरवणारी परीक्षा एक वर्ष अलीकडे सरकली. 1983 मध्ये राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि नाशिकमध्येही अशी महाविद्यालयं उभी राहू लागली. मध्यमवर्गीय आणि बागायतदार घरांना एक नवी वाट दिसली, तिच्याबरोबर क्लास आले. आज कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर संध्याकाळी पाठीवर सॅक घेतलेली जी मुलं दिसतात, त्यांतली काही आठवीतली असतात. शाळा, क्लास, टेस्ट सिरीज, पुन्हा क्लास. या वेळापत्रकात मैदान कुठे बसतं, हे पालकांनाही सांगता येत नाही.

2010 च्या जानेवारीत राज्यात विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या एकामागून एक आल्या आणि सगळे खडबडून जागे झाले. परीक्षेच्या काळात दहावी-बारावीच्या राज्य मंडळाकडून समुपदेशकांचे फोन नंबर विभागवार जाहीर होऊ लागले होते, त्यांचं महत्त्व वाढलं. मंडळाच्या नाशिक विभागात नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार असे चार जिल्हे येतात. सातपुड्याच्या पायथ्यापासून इगतपुरीच्या घाटापर्यंतच्या मुलांसाठी मोजकेच नंबर असतात. त्या नंबरांचा कागद फेब्रुवारीत शाळेच्या फळ्याजवळ लागतो, निकालानंतर कधीतरी निघतो. त्याने मुलांना आधार दिला आहे, यात शंका नाही. पण ऑगस्टमध्ये ज्याचं बिनसलं, त्याच्यासाठी तो नव्हता.

त्याच सुमारास शिक्षण हक्क कायदा आला. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या या कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. माझ्या दृष्टीने हे फार मोठं पाऊल होतं, कारण मुलाच्या मनाला होणारी इजा कायद्याने प्रथमच इतक्या स्पष्टपणे मारहाणीच्या शेजारी बसवली. फक्त हा कायदा सहा ते चौदा वयोगटापुरता, म्हणजे आठवीपर्यंत. नववी-दहावीचं मूल, जे सर्वांत जास्त ताणाखाली असतं, ते त्याच्या बाहेर राहिलं. हे पुढेही होत राहिलं. मार्च 2024 मध्ये राज्याने ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला, गोष्टी, खेळ, श्वसनाचे व्यायाम, मनमोकळ्या गप्पा यांसाठी. तोही पहिली ते आठवीसाठीच.

दहावीवाल्यांसाठी झालं ते बहुतेक निकालाभोवतीच. 2015 मध्ये नापास झालेल्यांसाठी जुलैतच फेरपरीक्षा सुरू झाली, त्यामुळे वर्ष वाया जाण्याची भीती कमी झाली. ती फार चांगली सुधारणा होती. 2016 मध्ये दहावीच्या सगळ्या मुलांची कल चाचणी झाली. शेती, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांत मुलाचा ओढा किती, हे संगणकावर मोजलं गेलं. मुदलियार आयोगाची जुनीच कल्पना नव्या साधनांनिशी परत आली. माध्यमिक शिक्षकांसाठी ‘अविरत’ नावाचं ऑनलाइन प्रशिक्षणही झालं, किशोरवयाची ओळख आणि प्राथमिक समुपदेशन यावर. ज्या शिक्षकांनी ते मनापासून केलं त्यांचा वर्गातला सूर बदलला असं मुख्याध्यापक सांगतात. पण प्रशिक्षण घेतलेल्या बाई पुन्हा निवडणुकीच्या, जनगणनेच्या, पोषण आहाराच्या कामात गेल्या, त्यांचे तास कमी झाले नाहीत.

वैद्यकीय बाजूही याच काळात सरकली. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा आहे, जिल्हा पातळीवरचा 1996 चा. पण राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच, त्यांत नाशिक नाही. मनाचा आजार म्हणजे ‘ठाण्याला किंवा येरवड्याला नेतात तो’, अशी समज लोकांच्या मनात बसली आणि पंधरा वर्षांच्या मुलीला घाबरल्यासारखं होतं म्हणून डॉक्टरकडे न्यावं, हे कोणाच्या मनात येईना. बंगळूरुच्या ‘निमहान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण 7.3 टक्के आढळलं. पन्नास मुलांच्या वर्गात हे तीन-चार जण होतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आणखी एक मोठी गाठ सोडवली: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, तिच्यावर खटला नाही, तिला उपचार द्यायचे. त्याआधी अशा मुलाला दवाखान्यात आणलं की घरचे पोलिसांच्या भीतीने ‘चुकून झालं’ म्हणत, आणि पुढची मदत तिथेच थांबत असे.

कोविडमध्ये शाळा बंद झाल्या आणि 2021 ची दहावीची परीक्षाच रद्द झाली. शाळा उघडल्यावर 2022 च्या सुरुवातीला एनसीईआरटीने देशभरातल्या 3.79 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना विचारलं. 81 टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचं कारण सांगितलं. मार्च 2022 मध्ये राज्याने प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेकडे पाहणारी सखी सावित्री समिती स्थापन करायला सांगितलं, आणि ऑगस्ट 2024 मधल्या बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर समिती, तक्रारपेटी, सीसीटीव्ही यांची सक्ती कडक झाली. मुलींच्या सुरक्षिततेसाठी हे हवंच होतं. पण पुन्हा तेच: तक्रार असेल तर पेटी आहे, आणि नुसतंच उदास वाटत असेल तर पेटीत काय लिहायचं?

नाशिक जिल्ह्याची खरी कसोटी शहरात नाही. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचं आयुक्तालय नाशिकमध्ये आहे, आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण, दिंडोरीच्या डोंगराळ भागात आदिवासी मुलांच्या निवासी आश्रमशाळा आहेत. सहा-सात वर्षांचं मूल आई-बाप सोडून तिथे येतं आणि तिथेच वयात येतं. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी संपली की काही मुलं परत येत नाहीत, काही येऊन पळून जातात. हजेरीपटावर याची नोंद ‘गैरहजर’ एवढीच होते. बाजाराच्या दिवशी आई भेटायला आली की मूल काही न बोलता तिच्या पदराला धरून बसतं, असं तिथल्या वसतिगृहांचे अधीक्षक सांगतात. एका अधीक्षकाकडे अशी कितीतरी मुलं असतात आणि त्याला रेशन, गाद्या, आजारपण सगळंच पाहायचं असतं.

त्यात द्राक्षांचा हंगाम. ऑक्टोबरच्या छाटणीपासून पेठ-सुरगाण्यातली कुटुंबं निफाड आणि दिंडोरीच्या बागांत कामाला उतरतात आणि काढणी मार्च-एप्रिलपर्यंत चालते. दहावीची परीक्षा नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये. मजुराचा मुलगा परीक्षेच्या आदल्या रात्री धाकट्या भावंडांना सांभाळत असतो. बागाईतदाराच्या घरीही वेगळं सुख नसतं: अवकाळी पाऊस, गारपीट, बँकेचा हप्ता, आणि त्या ताणात घरातलं कोणीही मुलाशी नीट बोलत नाही. परीक्षेच्या ताणावर बोलताना नाशिकमध्ये आभाळाकडेही पाहावं लागतं. अभ्यासाचं वेळापत्रक कसं आखावं, या व्याख्यानाने या दोन्ही मुलांचं फारसं भागत नाही.

10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर सुरू आहे. विनामूल्य, दिवसरात्र, मराठीतूनही. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री’ केंद्रंही आहेत, तिथे नाव कळण्याची भीती न ठेवता बोलता येतं. आश्रमशाळेत आणि बहुतेक वसतिगृहांत मात्र मुलांना स्वतःचा मोबाइल ठेवू देत नाहीत, आणि त्यामागची कारणं समजण्यासारखी आहेत. फोन असतो तो कार्यालयात, अधीक्षकांच्या टेबलावर. समुपदेशकाचं पद मंजूर होईल तेव्हा होईल. तोवर तो फोन मुलाला दिवसातून कधी, किती वेळ आणि कोण समोर नसताना मिळेल, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला आणि अधीक्षकाला लेखी ठरवता येतं. त्यासाठी संचमान्यता लागत नाही.