आधी झाकणं, मग तेल, मग न्हाणं

वर्धा-नागपूरकडे मे महिन्यात सकाळी अकरानंतर कुणी घराबाहेर पडतो तेव्हा त्याच्या डोक्याला दुपट्टा असतोच. कपाळावरून घेतलेला, कानांवरून मागे नेऊन गाठ मारलेला, उरलेलं टोक मानेवर सोडलेलं. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात आला की नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत कोणतं सीरम लावायचं याचा विचार तिथे कुणी आधी करत नाही. ऊन डोक्याला लागू द्यायचं नाही, एवढं पक्कं ठाऊक असतं.

उन्हाळ्यातल्या केसांच्या निगेवर आज जे बोललं जातं, ते बहुतेक धुण्याबद्दल आणि लावण्याबद्दल असतं. आपल्याकडचा जुना क्रम वेगळा होता. डोकं आधी झाकायचं, मग त्याला तेल लावायचं, आणि न्हाणं त्यानंतर. हा क्रम कसा उलटा झाला, ते नीट बघायला हवं असं मला मनापासून वाटतं.

झाकण्याला आयुर्वेदाचाही आधार आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात रोजच्या आचरणाच्या गोष्टी सांगताना उष्णीष, म्हणजे डोक्याला बांधायचं वस्त्र, केसांना हितकर म्हटलं आहे. वारा, ऊन आणि धूळ यांपासून ते राखतं, असं कारणही दिलं आहे. महाराष्ट्रात त्याची कितीतरी रूपं झाली: मुंडासं, पागोटं, पटका, फेटा, रुमाल. शेतातल्या माणसाचं मुंडासं हे शोभेचं नव्हे, कामाचं वस्त्र. सुती कापडाच्या घड्यांमध्ये हवा अडकते, ऊन थेट टाळूपर्यंत पोचत नाही. घाम कापडात जिरतो आणि तो वाळताना डोकं थंड राहतं. विहिरीवर गेलं की तेच कापड भिजवून, पिळून पुन्हा बांधायचं.

बायकांचा पदरही हेच काम करत होता. पण पदराच्या मागे सक्ती होती, हे लपवण्यात अर्थ नाही. सासऱ्यासमोर, गावातून जाताना तो डोक्यावर असायलाच हवा होता, सावलीतही. पुरुषांनाही बोडक्या डोक्यानं बाहेर पडणं कमीपणाचं वाटे. त्यामुळे विसाव्या शतकात डोक्यावरची वस्त्रं उतरली तेव्हा एक बंधन सुटल्याचा आनंद खरा होता. पागोट्याच्या जागी आधी टोपी आली. १९२०च्या सुमारास खादीची पांढरी गांधी टोपी घरोघरी पोचली. पांढरा रंग ऊन परतवतो, पण ती टोपी कान आणि मान उघडीच ठेवते. पुढे शहरांत टोपीही गेली. बंधनाबरोबर सावलीही उतरली, आणि त्या सावलीची जागा भरून काढायचं मात्र राहून गेलं.

मधल्या काळात तेल टिकून राहिलं. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात वाग्भटानं रोज अभ्यंग करायला सांगितलं आहे, आणि डोकं, कान व तळपाय यांना विशेष करून. त्याच अध्यायात एक सूचना आहे, तिच्याकडे आज फारसं कुणी लक्ष देत नाही: कढत पाणी मानेखाली घेतलं तर बळ देतं, डोक्यावर घेतलं तर केसांचं आणि डोळ्यांचं बळ नेतं. उन्हाळ्यातही गिझर लावून डोक्यावरून कढत पाणी घेणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

तेल कोणतं, हे गावावर ठरे. कोकण-गोव्यात खोबरेल. घाटावर आणि विदर्भात तिळाचं तेलही डोक्याला लागे. ‘तैल’ हा शब्दच मुळी तिळावरून आलेला. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणून हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवावी लागते आणि उन्हाळ्यात ते पाण्यासारखं पातळ असतं. ते केसांसाठी का चांगलं, याचं प्रयोगशाळेतलं उत्तर मुंबईतूनच आलं. २००३मध्ये मॅरिकोच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतून प्रथिनं निघून जाण्याचं प्रमाण तिघांपैकी फक्त खोबरेलामुळे कमी झालं. त्यातलं लॉरिक आम्ल लहान, सरळ साखळीचं असल्यानं केसाच्या आत शिरतं. इतर दोन तेलं आत जाऊ शकत नाहीत, असं स्पष्टीकरण त्यांनी दिलं. अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीचा, हे लक्षात ठेवूनच तो वाचायला हवा. तरी धुण्याआधी तेल लावण्याच्या जुन्या सवयीमागचं कारण त्यातून कळतं. ओला केस फुगतो, सुकताना आकसतो. पुन्हा पुन्हा असं झालं की त्याच्या वरचे खवले उचकटतात. तेलामुळे पाणी आत कमी शिरतं.

न्हाणं आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. आमच्या घरी आजी आदल्या रात्री लोखंडी कढईत शिकेकाईच्या शेंगा, रिठ्याची टरफलं आणि आवळकाठी भिजत घालायची. सकाळी ते उकळून, हातानं कुस्करून पंचातून गाळायचं. आवळ्या-शिकेकाईचा तुरटपणा लोखंडाला लागून पाणी काळपट झालेलं असे. फेस जेमतेम. डोळ्यांत गेलं तर पाच मिनिटं काही दिसत नसे, म्हणून ती आमचं डोकं मागे धरून ओतायची आणि कपाळावर तळहात आडवा लावायची. केस वाळले तरी त्यांना शिकेकाईचा वास राहायचा, आणि त्यावर मोगऱ्याचा गजरा.

रिठा आणि शिकेकाई यांत सॅपोनिन असतं, ते मळ सोडवतं. शिकेकाईचं पाणी किंचित आम्लधर्मी, त्यामुळे केसांचे खवले मिटलेले राहतात. साबण नेमका उलटा, अल्कधर्मी. १९१८मध्ये गोदरेजनं मुंबईत चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण बनवला आणि स्वदेशी साबण घरांत रुळत गेला. पण आपल्या पठारावरच्या विहिरी-बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड, म्हणजे क्षारांचं. जड पाण्यात साबणाचा साका धरतो आणि केसांवर बसतो. मराठवाड्यात साबणानं न्हालेले केस उन्हात काथ्यासारखे का होतात, त्याचं मोठं कारण हे.

शाम्पू या शब्दाचा प्रवास तर इथूनच सुरू झाला. हिंदीतलं ‘चांपना’, म्हणजे दाबणं, चोळणं. आपल्या चंपीचा तो सख्खा भाऊ. १७५९मध्ये पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमधल्या ब्रायटन इथे स्नानगृह काढून हे मर्दन प्रसिद्ध केलं. राजा चौथा जॉर्ज त्यांच्याकडून उपचार घेत असे. त्या शब्दाचा अर्थ केस धुणं असा पुढे झाला. १९०३मध्ये बर्लिनमध्ये हान्स श्वार्झकोफ यांनी शाम्पूची पूड विकायला आणली, १९२७मध्ये पातळ शाम्पू. आपल्या खेड्यांत मात्र तो पोचला १९८०च्या दशकात, तमिळनाडूतल्या कडलूरहून निघालेल्या पुडीमुळे. पुडी किराणा दुकानाच्या दारात माळेसारखी लटकली आणि आठवड्याचं न्हाणं एक दिवसाआड होऊ लागलं.

कोंड्याबद्दल जुन्या शहाणपणाशी माझा वाद आहे. १८७४मध्ये फ्रान्समध्ये लुई-शार्ल मालासे यांनी टाळूवरच्या ज्या बुरशीचं वर्णन केलं, तिला आज मालासेझिया म्हणतात. ती टाळूवरच्या स्निग्धांशावर जगते, आणि घाम-दमटपणात तिला बरं वाटतं. ‘डोकं कोरडं पडलंय, तेल चोपड’ हा सल्ला कोंडा असलेल्याला एप्रिल-मे महिन्यात दिला तर त्या बुरशीलाच खाऊ घातल्यासारखं होतं. तेल केसांच्या लांबीला लावावं, कोंडा असलेल्या टाळूला नको. आयांना हे पटवणं अवघड जातं, पण पटवायला हवं.

उन्हानं केसांचं नेमकं काय होतं, तेही आता कळलं आहे. अतिनील किरणांपैकी ब प्रकारचे प्रामुख्यानं प्रथिनं तोडतात, अ प्रकारचे रंग उडवतात. केसांना काळा रंग देणारा मेलॅनिन हे किरण शोषून आतल्या प्रथिनांना वाचवतो. पिकलेल्या केसांना तो आधार नाही. आणि भांगाच्या रेघेवर तर केसही नाहीत. तिथली त्वचा उघडी भाजते, सोलते. त्यावर तेलानं काही होत नाही, सावलीच लागते.

ही सावली अलीकडे परत आली आहे. पुण्यात दुचाकीवरच्या मुलींनी स्कार्फ बांधायला सुरुवात केली ती धूळ, धूर आणि ऊन चुकवायला. माझी भाची तो बांधते तेव्हा कपाळावरून घेते, कानांवरून नेते, मागे गाठ मारते. तिला हे कुणी शिकवलं नाही. तिच्या दोन चुका व्हायच्या: एकच स्कार्फ आठवडाभर वापरायची, आणि न्हाल्या न्हाल्या ओल्या केसांवर बांधून वर हेल्मेट चढवायची. मे महिन्यात टाळूला पुरळ आलं तेव्हा ते लक्षात आलं. आता तिच्याकडे मलमलचे तीन स्कार्फ आहेत. संध्याकाळी आल्यावर घामेजलेला लगेच धुऊन दोरीवर पडतो, आणि केस ती रात्रीच धुते.