‘कॅमेरा स्लो आहे’ म्हणून परत आणण्याआधी

दुकानात महिन्यातून चार-पाच जण तरी नवा कॅमेरा काउंटरवर ठेवून म्हणतात, “कॅमेरो स्लो आसा, बदलून देवा.” आम्ही तो घेऊन बाहेर रस्त्यावर येतो, जाणाऱ्या रिक्षाचे दोन फोटो काढतो, रिक्षा फ्रेममध्ये नीट सापडते. चूक बोटाची असते.

बटणाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर बोटाला हलकी अडखळण लागते, तिथेच थांबायचं. कॅमेरा फोकस घेतो, पडद्यावर चौकोन हिरवा होतो. मग क्षण आला की उरलेलं दाबायचं. दारावरची बेल वाजवल्यासारखं एका दमात दाबलंत, तर फोकस घेण्याचा सगळा वेळ तुमच्या फोटोतून जातो. गेल्या हंगामात एका गिऱ्हाइकाने रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं) ओढतानाचे फोटो दाखवले. तिसाच्या तिसांत सीगलची नुसती शेपटी! त्याला दुकानासमोरच्या कावळ्यांवर दहा मिनिटं अर्धं बटण दाबायला लावलं. कॅमेरा बदलावा लागला नाही.

आता निवडीबद्दल. पहिला प्रश्न हमखास “किती मेगापिक्सेल?” हाच येतो. त्याऐवजी सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग, केवढा आहे ते विचारा. साध्या कॉम्पॅक्टमधला सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिमी असतो. ‘एक इंची’ म्हणतात तो १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ चौपट (नावातला इंच मोजायला जाऊ नका, जुळणार नाही). २०१२ साली सोनीच्या आरएक्स१०० ने तो खिशात मावेल अशा कॅमेऱ्यात आणला. जत्रेतला दशावतार रात्रभर चालतो. तिथल्या उजेडात हा फरक लगेच कळतो. लेन्सवरचा एफचा आकडाही बघा. एफ/३.६ पेक्षा एफ/१.८ चौपट उजेड आत घेतो, त्यामुळे शटर तेवढं जलद ठेवता येतं. झूम केलं की हा आकडा वाढतो, तेव्हा जमलं तर दोन पावलं पुढे व्हा. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं. तो बंदच ठेवा.

सलग फोटो काढताना कॅमेरा अडकत असेल तर कार्ड तपासा. यू३ लिहिलेलं कार्ड सेकंदाला किमान ३० एमबी लिहितं. आमच्याकडचं कार्ड थोडं महाग वाटेल, पण आम्ही ते तुमच्यासमोर कॅमेऱ्यात घालून दाखवतो.

बिल करण्याआधी आम्ही पंधरा मिनिटं कॅमेरा तुमच्या हातात देतो, आणि बिल झाल्यावर बिघाड नसेल तर बदलून देत नाही. काहींना हे कडक वाटतं. पण चार दिवस खाऱ्या वाऱ्यात फिरलेला कॅमेरा नवा म्हणून दुसऱ्याला कसा विकायचा?

पावसाळ्यात कॅमेरा चामडी कव्हरात घालून कपाटात ठेवू नका, लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते वाळवायचे किंवा बदलायचे. पुड्या आमच्याकडे आहेत. डबा घरचा चालेल.

बाजाराच्या दिवशी फार गर्दी असते. निवांत बघायचं असेल तर इतर दिवशी दुपारी चारनंतर या, आणि ज्याचे फोटो काढायचेत त्या नातवालाही घेऊन या.