बांबू, ताडपत्री आणि ताण

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत गावोगावी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांनी (गावच्या जमीनदारांनी) बांधलेले तलाव, आहेत. ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा, लाकडी डोंगा मात्र एकाच तलावाचा असतो. दुसऱ्या गावी न्यायचा तर बंडी नाहीतर ट्रॅक्टर लागतो. सारस मोजणाऱ्यांना, पाण्याचे नमुने घेणाऱ्यांना, मत्स्यबीजाची वाढ पाहणाऱ्यांना आज या पाळीवर तर उद्या त्या पाळीवर जायचे असते. त्यांच्या कामाची वस्तू म्हणजे पंधरा-सोळा किलोची, सव्वा मीटरच्या गठ्ठ्यात मावणारी घडीची कयाक, म्हणजे दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. ती बांबू, प्लायवूड आणि ताडपत्री यांतून घरी बनते, आणि खर्चात सगळ्यात मोठा वाटा ताडपत्रीचा असतो.

कयाक मूळची आर्क्टिक प्रदेशातल्या इन्युइट लोकांची. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर सीलचे कातडे. घडीची आवृत्ती जर्मनीतली: 1905 मध्ये आल्फ्रेड हॉयरिश या विद्यार्थ्याने म्युनिकला अशी होडी बनवली, आणि तिचा सांगाडा बांबूचाच होता. दोन वर्षांनी रोझेनहाइमचे शिंपी योहान क्लेपर यांनी तिचे हक्क घेतले. 1956 मध्ये हान्नेस लिंडेमान यांनी घडीच्याच कयाकमधून 72 दिवसांत एकट्याने अटलांटिक ओलांडला. तलावापुरते बोलायचे तर ही रचना भरपूर मजबूत आहे, अट एकच: ताण बरोबर बसला पाहिजे.

विणलेल्या बाजेत सुंभ ताणलेला असतो आणि लाकडी चौकट दाबलेली असते. दोन्ही वेगळे केले तर एकात दम नाही. घडीच्या कयाकचेही तसेच. ताडपत्रीची खोळ लांबीत ताणलेली राहते, म्हणून आतले बांबू टोकाकडून दाबले जातात आणि सगळे मिळून एक कडक वस्तू बनते. खोळ सैल पडली की बांबूंचे सांधे हलू लागतात, तळ पाण्याच्या दाबाने आत दबतो आणि होडी जड चालते. खाली ज्या खोड्या सांगितल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक याच एका गोष्टीतून येतात.

आधी आकाराचा हिशोब. 70 किलोचा माणूस, 16 किलोची होडी आणि 9 किलो सामान मिळून 95 किलो होतात. तितके तोलायचे तर होडीने 95 लिटर पाणी बाजूला सारले पाहिजे. 4.2 मीटर लांब आणि मध्ये तळाशी 54 व काठाशी 66 सेंमी रुंद होडी त्यासाठी साधारण 12 सेंमी बुडते. एवढ्या खोलीवर पाण्याचा दाब चौरस मीटरला 120 किलोच्या आसपास असतो, म्हणून दोन बांबूंमधली ताडपत्री आत ढकलली जाणारच. ताण जितका जास्त तितका खळगा उथळ. रुंदीबाबत कंजूषी करू नका. होडी कलल्यावर तिला सरळ करणारा जोर रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: पाण्याच्या रेषेवर रुंदी एक दशांश वाढवली तर हा वाटा जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. उलट बैठक पाटावर चढवून दहा सेंमी उंच केली, तर कमावलेले स्थैर्य बरेचसे गेले. बैठक तळापासून दोन-तीन सेंमीच असावी.

बांबू मानवेल जातीचा घ्यावा. तो बुडाकडे जवळपास भरीव असतो, आणि 22 ते 24 मिलिमीटर जाडीचे सरळ तुकडे त्यात सापडतात. कटांग ही जात जाड आणि पोकळ, तो या कामाचा नाही. तीन वर्षांपुढचा, पावसाळा संपल्यावर हिवाळ्यात तोडलेला बांबू मागा. कोवळ्या आणि अवेळी तोडलेल्या बांबूत पिष्ट जास्त असते, घुण त्यावरच जगतो, आणि पुढच्या वर्षी गठ्ठ्याखाली पांढरा भुगा दिसतो. ओला असतानाच 100 लिटर पाण्यात 2 किलो बोरिक अॅसिड आणि 3 किलो बोरॅक्स विरघळवून त्यात आठ-दहा दिवस बुडवून ठेवा, मग सावलीत तीन-चार आठवडे वाळवा. उन्हात वाळवला तर चिरतो. बोरॅक्स पाण्यात परत विरघळून जाते, म्हणून वरून वॉर्निशचे दोन हात लागतातच. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि गावातला अनुभवी बुरूड तर नुसत्या हाताने बांबूचे वय सांगतो.

लांबीचे बांबू पाच: तळाचा एक कणा, दोन खालच्या कडा, दोन काठ. प्रत्येकाचे चार तुकडे, म्हणजे 105 सेंमीच्या आसपास. शिवाय दोन्ही टोकांच्या डेकखाली (डेक म्हणजे होडीचे वरचे आच्छादन) सव्वा मीटरचा एकेक तुकडा. एकूण सुमारे 24 मीटर बांबू लागतो. वाया जाणारा धरून 30 मीटर आणा.

तुकडे जोडायला 25 मिलिमीटर बाहेरमापाची, 1.2 मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियम नळी वापरा. खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडे ती मिळते. 16 सेंमीचे तुकडे कापा: निम्मा एका बांबूवर इपॉक्सीने कायमचा बसवायचा, निम्म्यात दुसरा बांबू सरकतो. कण्याच्या मधल्या सांध्याला 24 सेंमीची नळी घ्या, कारण माणसाच्या वजनाने सर्वांत जास्त वाक तिथेच येतो. बांबू नळीत बसवताना बाहेरची साल मिलिमीटरभरापेक्षा जास्त खरवडू नका. बांबूचे तंतू बाहेरच्या भागात सर्वांत दाट असतात, त्यामुळे एक मिलिमीटर साल गेली की ताकद त्या मानाने फार जाते. टोकाला भोकही पाडू नका. तंतू सगळे लांबीत धावतात, आडवे बांधणारे काही नसते, म्हणून बांबू भोकापासून उभा फाटतो. नळीत जाण्याआधी दोन सेंमी भागावर मासळीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा गच्च गुंडाळून त्यावर इपॉक्सी चढवा. मधले सांधे सगळे एकाच रेषेत येतात, तिथे इलाज नाही. पण पुढच्या-मागच्या अर्ध्या भागातले सांधे एकमेकांपासून दहा सेंमी पुढे-मागे सरकवा, नाहीतर होडीला त्या जागी बिजागरी बसवल्यासारखे होईल.

आडव्या चौकटी सहा, 12 मिलिमीटर मरीन (पाण्यात टिकणाऱ्या) प्लायच्या. प्लायवर आयएस 710 हा मरीन प्लायचा मानक क्रमांक छापलेला पाहून घ्या. साध्या प्लायचे थर वर्षभरात सुटतात. पुढच्या टोकापासून 60, 115, 170, 255, 310 आणि 365 सेंमीवर चौकटी येतात. काठाशी रुंदी अनुक्रमे 35, 54, 66, 66, 53 आणि 34 सेंमी, खालच्या कडेशी 22, 42, 54, 54, 40 आणि 20. कण्यापासून काठापर्यंत उंची मध्ये 24, टोकांकडे 26. खालची कड कण्यापासून मधल्या चौकटींत 7 सेंमी आणि टोकांच्या चौकटींत 11 सेंमी वर. चौकटीच्या मधला भाग पोकळ कापा, पण कडेला किमान पाच सेंमी पट्टी ठेवा. बांबूसाठी खाचा करा आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांबू त्यात आवळा. बाहेरच्या बाजूने प्लाय बांबूंच्या रेषेच्या दोन सेंमी आत राहील असा गोलवा द्या. प्लायची कड ताडपत्रीला टेकली तर तिथे रेघ उमटते, घासते आणि शेवटी भोक पडते.

दाबाखाली बांबू किती लवकर वाकतो हे आधारांमधल्या अंतराच्या वर्गावर ठरते. 55 सेंमीच्या मानाने 85 सेंमीच्या टप्प्यात त्याची सहनशक्ती निम्म्याहून कमी उरते, आणि 85 सेंमीचा टप्पा बसण्याच्या जागीच आहे. म्हणून तिथे कण्यासाठी सर्वांत जाड तुकडा निवडा. कण्यावरून आडव्या कामट्या (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या) विणून तट्टी घाला आणि तट्टी दोन्ही चौकटींना बांधा. ताडपत्री कापण्यापूर्वी चौकटी उभ्या करून एक लवचीक कामटी बाहेरून टेकवून पाहा. कुठे पोक किंवा खळगा दिसला तर ती चौकट चुकली आहे.

आता ताडपत्री. धान्य झाकायची चमकदार पिवळी-निळी ताडपत्री पॉलिथीनची असते; तिला कुठलाच गोंद नीट धरत नाही आणि ताणाखाली ती हळूहळू लांबत जाते. पाहिजे ती पॉलिएस्टर विणीवर पीव्हीसीचा थर असलेली, चौरस मीटरला 600 ते 650 ग्रॅमची. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका: बोटभर तुकडा पाण्यात चोळून, बुडबुडे काढून सोडा. पीव्हीसी बुडते, पॉलिथीन तरंगते. निवडणुकीनंतर फुकट मिळणारे फ्लेक्सही पीव्हीसीचे असतात, पण त्यांची वीण पातळ. त्याची खोळ एका काट्याने फाटेल. कापायचा साचा बनवायला मात्र फ्लेक्स उत्तम.

4.6 × 1.3 मीटरचा एक सलग तुकडा तळाला, आणि टोकांच्या डेकसाठी दोन तिकोनी तुकडे, प्रत्येकी 1.2 मीटर लांब. मधली सुमारे 1.8 मीटर जागा उघडी ठेवायची, नाहीतर सांगाडा आत शिरणार नाही. सांगाडा जोडून उलटा ठेवा, त्यावर ताडपत्री पसरा आणि थोडे ऊन लागू द्या म्हणजे ती नरम पडते. आधी लांबीत ओढा, मग मध्यापासून टोकांकडे दोन्ही बाजू आळीपाळीने. टोकांना जी चुणी उरते ती कापून चार सेंमी एकावर एक घेऊन चिकटवा. चिकटवायला मोच्याकडचे पीयू (पॉलियुरेथेन) सोल्यूशन घ्या. पिवळा रबरी सरस काही महिन्यांत ओशट होतो, कारण पीव्हीसीला नरम ठेवणारे तेलकट द्रव्य हळूहळू सरसात उतरते. पाईपचे सोल्यूशन कडक होऊन घडीवर तडकते. दोन्ही बाजू सॉल्व्हंटने पुसा, दोन पातळ हात द्या, हाताला चिकटेनासे झाले की दाबून रोलर फिरवा. गोंद सरकणारा ओढा सोसतो, सोलणारा सोसत नाही. म्हणून टोकांच्या सांध्यावर आधी पॉलिएस्टर दोऱ्याची शिवण आणि तिच्यावर पाच सेंमीची पट्टी, पट्टीचे कोपरे गोल. काठावरून ताडपत्री दहा सेंमी आत वळते. त्या दुमडीत दोरी घालून दर 12 सेंमीवर आयलेट (धातूची कडी) ठोका आणि आतून खालच्या कडेच्या बांबूला दोरीने आवळा.

सर्वांत महत्त्वाची कृती जोडणीची. पुढचा आणि मागचा अर्धा सांगाडा वेगवेगळा खोळीत सरकवायचा, मधले सांधे जुळवायचे आणि मधला भाग उंच राहिलेला असताना खाली दाबायचा. मध्य 20 सेंमी उंच असेल तर सपाट होताना सांगाडा सुमारे 19 मिलिमीटर लांब होतो. 10 सेंमी असेल तर जेमतेम 5 मिलिमीटर. शेवटच्या टप्प्यात जोर प्रचंड वाढतो: 10 सेंमी उरले असताना 20 किलोचा दाब खोळीला 200 किलोपर्यंत ताणू शकतो. खोळ त्या मापाने कापा, म्हणजे मध्य साधारण 15 सेंमी उंच असताना कापड ताठ होऊ लागेल. तोच ताठपणा 25 सेंमीला आला तर उडी मारून दाबू नका, बांबू फुटेल. पहिल्या उन्हाळ्यात पीव्हीसी सैल पडतेच. टोकाशी प्लायची पातळ पाचर घालून भरपाई करता येते.

जोडल्यावर होडी केळ्यासारखी वर वळली, तर ताण काठाकडे जास्त आहे: दोरी ढिली करून लांबीचा ताण वाढवा. सरळ वल्हवूनही ती एका बाजूला जात असेल तर कणा वाकडा बसला आहे. मागून एका डोळ्याने पाहिले की कळते.

पाण्यात नेण्याआधी दोन्ही टोकांत दोन लिटरच्या घट्ट झाकणाच्या 15-15 रिकाम्या बाटल्या जाळीत बांधून घट्ट बसवा. होडी भरली तरी त्या 60 किलो तोलतात. त्यांच्याशिवाय पाण्याने भरलेली कयाक रिकामी करणे अशक्यच. वल्हे दोन पात्यांचे, सव्वादोन मीटरचे. निळ्या प्लास्टिक ड्रमच्या तुकड्याला मुळातच पात्याला हवा तसा बाक असतो. पहिली फेरी कंबरभर पाण्यात, लाइफ जॅकेट घालूनच, आणि मुद्दाम उलटून पाहायची. चैत्र-वैशाखात दुपारनंतर वावधन (वादळी वारा) सुटते, मोठ्या जलाशयावर तेव्हा जाऊ नये. धरणाच्या बुडितात पाण्याखाली झाडांची खुंटे उभी असतात, तिथे कण्याखाली ट्रॅक्टरच्या ट्यूबची पट्टी चिकटवलेली बरी. तलाव मच्छीमार सोसायटीकडे असेल तर आधी विचारा. तोतलाडोहसारखे व्याघ्र प्रकल्पातले पाणी परवानगीविना बंदच.

घरी आल्यावर नळ्यांतला गाळ धुऊन काढा, अॅल्युमिनियमला वाळू लागली की सांधा अडकतो. बसवण्याआधी आतून मेणबत्ती घासा. खोळ पूर्ण वाळवून सैल गुंडाळा, कडक घडी घालू नका, आणि आढ्याला टांगा. धानाच्या घरात उंदीर आधी ताडपत्रीच्या दुमडीलाच लागतात.