हिपॅटायटिस सी: अँटिबॉडी आहेत, तरी लस नाही

'अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह', म्हणजे रक्तात हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराच्या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत, असा रिपोर्ट हाती आला की काहींना हायसं वाटतं: अँटिबॉडी आहेत, म्हणजे धोका टळला. हिपॅटायटिस बीची अँटी-एचबीएस ही अँटिबॉडी खरोखरच संरक्षण दाखवते. सीची ही अँटिबॉडी मात्र विषाणू कधीतरी शिरला होता एवढंच सांगते. तो अजून आहे का, हे विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या आरएनए चाचणीनंतरच कळतं.

रक्त चढवल्यावर होणारी ही कावीळ ए नाही, बीही नाही, हे अमेरिकेत हार्वे ऑल्टर यांनी १९७० च्या दशकात दाखवलं. विषाणू सापडायला १९८९ उजाडलं. कायरॉन कंपनीत मायकेल हाउटन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या जनुकाचा तुकडा पकडला. रक्ताची तपासणी सुरू झाली. आता लसही येणार, असं वाटणं साहजिक होतं. पण १९९२ मध्ये कळलं की बरे झालेल्या चिंपांझींना पुन्हा विषाणू टोचला तर पुन्हा संसर्ग होतो.

मग अँटिबॉडी कुचकामी? १९९४ चा एक प्रयोग इथे फार बोलका आहे. एका रुग्णाचा १९७७ मधला विषाणू त्याच्याच दोन वर्षांनंतरच्या प्लाझ्मात मिसळून चिंपांझीला दिला, तर संसर्ग झाला नाही. अकरा वर्षांनंतरच्या प्लाझ्मानं मात्र काहीच रोखलं नाही. म्हणजे अँटिबॉडी खऱ्या होत्या, पण विषाणू रूप पालटत पुढे सरकला आणि त्या त्याच्यामागे धावत राहिल्या. बहुतेक पालट विषाणूच्या बाहेरच्या आवरणातल्या ई२ प्रथिनाच्या टोकावरच्या जेमतेम २७ अमिनो आम्लांच्या पट्ट्यात होतात. प्रतिकारशक्तीचं लक्षही नेमकं तिथेच खिळतं.

त्याच वर्षी कायरॉनच्या, ई१ आणि ई२ या आवरणातल्या प्रथिनांपासून बनवलेल्या लसीनं सातपैकी पाच चिंपांझी वाचवले, पण लस ज्या विषाणूवरून बनवली होती, त्याच जातकुळीच्या विषाणूपासून. विषाणू प्रयोगशाळेत वाढेना, म्हणून पुढचं संशोधन २००५ पर्यंत रेंगाळलं. त्यानंतर, जर्मनीत दूषित अँटी-डी इंजेक्शनांतून (आरएच-निगेटिव्ह मातांना देतात ती) एकाच विषाणूची लागण झालेल्या स्त्रियांच्या जुन्या नमुन्यांतून २००७ मध्ये उलगडलं की ज्यांच्यात निष्प्रभ करणाऱ्या अँटिबॉडी लवकर तयार झाल्या, त्यांच्यातून विषाणू गेला.

तरीही माणसांवरची मोठी चाचणी झाली ती टी-पेशींवर, म्हणजे अँटिबॉडीऐवजी संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या पेशींवर, भर देणाऱ्या लसीची. २०२१ मध्ये निकाल आला: लस आणि प्लासिबो (औषध नसलेलं नकली इंजेक्शन), दोन्ही गटांत जुनाट संसर्ग प्रत्येकी १४ जणांना. माझ्या मते अँटिबॉडीला बाजूला ठेवणं महागात पडलं. आता ई२ चा तो फसवा पट्टा काढून, सीडी८१ या माणसाच्या पेशीवरच्या प्रथिनाला चिकटणारा न बदलणारा भाग पुढे आणायचे प्रयत्न चालू आहेत. औषधांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, पण बरा झालेला माणूस उद्या दूषित सुई वापरून पुन्हा आजारी पडू शकतो.