प्लगिनची आवृत्ती ठरवायची कुणी? जुन्या रेल्स अ‍ॅप्लिकेशन्समागचा इतिहास

ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये नव्याने रुजू झालेल्या मुलांच्या वाट्याला पुष्कळदा जुनं अ‍ॅप्लिकेशन येतं. ग्राहक परदेशातला, कोड लिहिणारे केव्हाच पांगलेले. त्यात ‘व्हेंडर’ फोल्डरच्या आत ‘प्लगिन्स’ (अ‍ॅप्लिकेशनला जोडायचे तयार कोडचे तुकडे) नावाचा फोल्डर दिसला की पहिला प्रश्न पडतो, यातलं कुठलं प्लगिन कोणत्या आवृत्तीचं? बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही, कारण ते लिहून ठेवण्याची पद्धतच तेव्हा नव्हती.

रुबी ऑन रेल्स, म्हणजे रुबी भाषेत वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिण्यासाठीचा तयार सांगाडा (फ्रेमवर्क), २००४ मध्ये लोकांसमोर आलं. सुरुवातीच्या रेल्समध्ये प्लगिन घेणं म्हणजे सबव्हर्जन या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या रेपोमधून (कोडच्या साठ्यातून) त्याचा कोड आपल्या प्रोजेक्टमध्ये उतरवणं. त्या दिवशी तिथे जे असेल ते आलं. पुढे कुणीतरी त्यातच चार ओळी बदलायचं, आणि मग सुरक्षेची दुरुस्ती आली तरी ती कशावर चढवायची हे सांगता यायचं नाही. सोय मात्र खरीच होती: सर्व्हरवर ते प्लगिन वेगळं बसवावं लागत नसे.

रुबीच्या तयार पॅकेजला जेम म्हणतात. ती बसवणाऱ्या रुबीजेम्स या साधनामुळे एका मशीनवर एकाच जेमच्या अनेक आवृत्त्या शेजारीशेजारी राहू शकत, पण चालत्या प्रोसेसमध्ये त्यातली एकच चढते. २००८ च्या रेल्स २.१ ने कॉन्फिगमध्ये जेमची आवृत्ती नोंदवायची सोय दिली. तरी जेम्स एकामागून एक लोड होत. एकाने रॅक (वेब सर्व्हर आणि अ‍ॅप्लिकेशन यांना जोडणारं जेम) १.१ उचललं आणि पुढच्याला १.० च हवं असलं, की अ‍ॅप्लिकेशन सुरू होतानाच कोसळे.

माझ्या मते खरा बदल २०१० मध्ये झाला. येहुदा कॅट्झ आणि कार्ल लर्श यांचं बंडलर १.० रेल्स ३ च्या सोबतीने आलं. बंडलर या साधनाचं काम असं: कोड लोड होण्याआधीच सगळ्या जेम्सच्या अटी एकत्र पाहायच्या, सर्वांना चालेल असा एकच संच काढायचा आणि तो जेमफाइल.लॉकमध्ये लिहायचा. आवृत्तीचा निर्णय कुणाच्या मशीनवर न राहता रेपोमध्ये आला. ठाण्यातल्या लॅपटॉपवर आणि ग्राहकाच्या सर्व्हरवर तोच संच बसू लागला. रेल्स ३.२ ने २०१२ मध्ये जुना प्लगिन्स फोल्डर कालबाह्य ठरवला, २०१३ च्या रेल्स ४ ने त्याचा आधारच काढला. त्यामुळे ४ वर जाण्याआधी त्यातलं एकेक प्लगिन मूळ कोडशी ताडून बाहेर काढावं लागतं, आणि जुन्या प्रोजेक्टच्या अपग्रेडमधलं हे सर्वांत चिकट काम असतं.

सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडने वेगळी वाट धरली. तिथे प्रत्येक पॅकेज आपल्या पोटात हवी ती आवृत्ती ठेवू शकतं, त्यामुळे एकाच प्रोसेसमध्ये दोन आवृत्त्या नांदतात. प्लगिनला मात्र हे चालत नाही. ते मुख्य फ्रेमवर्कला जोडायचं असतं, आणि त्याने फ्रेमवर्कची दुसरीच प्रत सोबत आणली तर जोडणी बिघडते. म्हणून २०१३ च्या सुमारास पीअर डिपेंडन्सी रूढ झाली: फ्रेमवर्कची कुठली आवृत्ती चालेल ते प्लगिनने सांगायचं, ती आणायची अ‍ॅप्लिकेशनने. नोडची पॅकेजेस बसवणाऱ्या एनपीएम या साधनाच्या आवृत्ती ३ ने या डिपेंडन्सी आपोआप बसवणं थांबवलं, एनपीएम ७ ने पुन्हा सुरू केलं. आपोआप तयार होणारी लॉक फाइल २०१७ मध्ये एनपीएम ५ सोबत आली.

रुबी असो वा नोड, प्लगिनच्या लेखकाची लॉक फाइल आपल्या प्रोजेक्टला लागू होत नाही. तो फक्त मर्यादा देतो, नेमका आकडा अ‍ॅप्लिकेशनच्या लॉक फाइलमध्ये ठरतो. म्हणून अ‍ॅप्लिकेशनची लॉक फाइल गिटइग्नोरमध्ये (रेपोमध्ये न घ्यायच्या फाइल्सच्या यादीत) टाकलेली दिसली, तर ती आधी तिथून काढून कमिट करा.