खुलासा: समुद्रशेवाळावरच्या माश्या घाणीतून जन्मत नाहीत

नागपूरच्या फुटाळा तलावावर सकाळी फिरताना शेजारच्या काकांनी पुतण्याने स्कॉटलंडहून पाठवलेला व्हिडिओ दाखवला. किनाऱ्यावर शेवाळाचा ढीग, वर माश्याच माश्या. "बघा, तिकडेही घाण! सडक्यातून माश्या आपोआप होतातच."

दोन्ही गोष्टी चुकीच्या. माशी आपोआप होत नाही, हे इटालियन वैद्य फ्रान्चेस्को रेदीने १६६८ मध्ये मांसाची भांडी झाकून दाखवलं. आणि तो ढीग कचरा नव्हे, लाटांनी उपटून आणलेलं समुद्रशेवाळ आहे. त्यात राहणारी शेवाळमाशी (शास्त्रीय नाव कोएलोपा फ्रिजिडा) घरमाशीहून वेगळी: चपटं अंग, राठ केसाळ पाय. मादी शेवाळातच अंडी घालते, अळ्या सडतं शेवाळ आणि त्यावरचे जीवाणू खातात. सडताना ढीग आतून तापतो, अगदी आपल्याकडच्या शेणखताच्या उकिरड्यासारखा. म्हणून बाहेर कडाक्याची थंडी असली तरी अळ्या वाढतात. पुढची मोठी भरती ढीग ओढून नेण्याआधी पंख फुटले पाहिजेत. कित्येकींना ते जमत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

शेवाळ उचलून किनारा 'स्वच्छ' केला, तर पक्ष्यांचं ताटच उचललं जातं. टर्नस्टोन पक्षी चोचीने शेवाळ उलटवून खालच्या अळ्या टिपतो.